साध्या वेशातल्या गाडीचा दिवा

रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि पोलिसांची रंगवलेली गाडी यांच्या टपावरचा दिवा सर्वांच्या परिचयाचा आहे. या लेखात आपण त्याच्या एका अवघड भाईबंदाची ओळख करून घेऊ. साध्या वेशातले पोलीस असतात तशा अनेक देशांत साध्या वेशातल्या गस्तीच्या गाड्याही असतात. त्यांच्यावर पट्टे नसतात, नाव नसते, टपावर दिवाही नसतो. दिवसभर ही गाडी चारचौघींसारखी दिसली पाहिजे. मात्र एखाद्या वाहनाला थांबवायची वेळ आली की क्षणार्धात पुढच्या चालकाला दोन गोष्टी कळाव्या लागतात : मागे काहीतरी चमकते आहे, आणि ते चमकणारे पोलीसच आहेत.

रंगवलेल्या गाडीला हे सांगायला रंग, अक्षरे आणि आकार मदत करतात. साध्या गाडीजवळ फक्त दिवा असतो. तो कोणता असावा याचा शोध गेली शंभर वर्षे चालू आहे आणि त्यात पदार्थविज्ञान, डोळ्याचे शरीरविज्ञान आणि कायदा या तिघांचा हात आहे.

लाल रंगाचा वारसा

धोक्याचा लाल रंग रस्त्यावर आला तो मुख्यतः रेल्वेकडून. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील रेल्वेवर लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावकाश आणि पांढरा म्हणजे रस्ता मोकळा असा संकेत होता. त्यात एक मोठा दोष होता. लाल काच फुटली की आतला दिवा पांढरा दिसे आणि चालक बेधडक पुढे जाई. पुढे पांढरा रंग काढून हिरव्याला ‘मोकळा’ हा अर्थ दिला गेला. लाल मात्र जागचा हलला नाही. मोटारी आल्या तेव्हा बंबांनी आणि पोलिसांनी तोच रंग उचलला.

लाल का, याचे उत्तर आपण वर्गात बहुधा असे देतो : लाल प्रकाशाचे विकिरण सर्वांत कमी होते, म्हणून तो दुरून दिसतो. हे उत्तर जरा तपासून पाहू. रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हवेच्या रेणूंकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचे विकिरण ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून अधिक होते. पण प्रत्यक्षात घट किती? समुद्रसपाटीच्या स्वच्छ हवेत एक किलोमीटर अंतर कापताना निळा प्रकाश सुमारे ३ टक्के कमी होतो, लाल १ टक्क्याहूनही कमी. पोलिसांचा दिवा काहीशे मीटरवरून दिसायचा असतो. तिथे हा फरक नगण्य आहे. धुक्याचे काय? धुक्यातील थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे तिथे चौथ्या घाताचा नियम लागूच पडत नाही आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात.

लाल दिव्याचा खरा फायदा वेगळा होता. टंगस्टनच्या तारेचा दिवा पिवळट प्रकाश देतो. त्यात लाल भरपूर आणि निळा फार थोडा. त्यामुळे लाल काचेतून त्या दिव्याचा साधारण पाचवा हिस्सा प्रकाश बाहेर येतो, तर गडद निळ्या काचेतून शंभरात जेमतेम दोन-चार भाग. बॅटरीवर चालणाऱ्या लहान दिव्यासाठी ही तफावत निर्णायक होती.

निळा आला कसा?

असे असूनही जर्मनीने १९३८ च्या सुमारास पोलीस आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांसाठी निळा दिवा ठरवला. युद्धाचे ढग जमत होते आणि हवाई हल्ल्याच्या वेळी शहरे काळोखात ठेवण्याची तयारी चालू होती. निळा प्रकाश हवेत विखुरतो, म्हणून तो उंचावरील विमानातून दिसणार नाही, असे या निवडीचे कारण सामान्यतः सांगितले जाते. वरचाच हिशोब इथे लावला तर हे कारण लंगडे ठरते. विमान तीन किलोमीटर उंच असले तरी विकिरणामुळे होणारी घट दहा टक्क्यांहून कमीच. दिवा मंद दिसे तो मुख्यतः निळ्या काचेने बहुतेक प्रकाश अडवल्यामुळे.

शिवाय अंधाराला सरावलेला डोळा निळ्याच्या बाजूचा असतो. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये याविषयी लिहिले होते. दिवसा हिरव्या-निळ्यापेक्षा उजळ वाटणारे लाल रंग पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतात आणि निळे रंग उजळ वाटतात, हे त्यांनी टिपले. आज आपल्याला त्याचे कारण ठाऊक आहे. उजेडात दृष्टिपटलातील शंकूच्या आकाराच्या पेशी काम करतात आणि त्यांची संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पिवळसर हिरव्या रंगाला, सर्वाधिक असते. अंधारात दंडाकार पेशी काम करतात. त्यांचे शिखर ५०७ नॅनोमीटरला, निळ्याच्या दिशेने सरकलेले असते. लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. या पेशी दृष्टीच्या मध्यबिंदूपासून दूर, कडेला दाट असतात. म्हणजे जो रंग शत्रूपासून लपावा म्हणून निवडला, तो रात्री डोळ्याच्या कोपऱ्यातून चटकन दिसणारा निघाला. युद्धानंतर युरोपभर निळा दिवा पसरला आणि टिकला.

लुकलुकण्याचे गणित

रंगाइतकेच महत्त्व उघडझापीला आहे. फ्रान्समध्ये ब्लाँडेल आणि रे यांनी १९११ मध्ये एक सोपे सूत्र दिले. थोडा वेळ चमकणारा, जेमतेम दिसणारा दिवा डोळ्याला किती तेजाच्या स्थिर दिव्यासारखा भासेल, हे त्यातून काढता येते. तेज गुणिले चमकण्याचा काळ, भागिले त्याच काळात ०.२ सेकंद मिळवून येणारी संख्या.

एक उदाहरण घेऊ. १,००० कँडेलाचा एक स्थिर दिवा आहे. आरसा किंवा भिंग वापरून त्याचा प्रत्येक सेकंदाचा सगळा प्रकाश ०.१ सेकंदात गोळा केला. आता तेज १०,००० कँडेला झाले. सूत्रानुसार भासमान तेज = १०,००० × ०.१ ÷ (०.२ + ०.१) = सुमारे ३,३३३ कँडेला. ऊर्जा तेवढीच, परिणाम तिपटीहून अधिक. तोच प्रकाश आणखी कमी वेळात कोंबत गेलो तर आकडा ५,००० च्या जवळ पोचतो, त्यापुढे मात्र जात नाही. ही मर्यादा कुठून येते, हे विद्यार्थ्यांना सूत्रावरून शोधायला सांगावे.

टपावर गरगरणाऱ्या दिव्यामागे हेच गणित आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस असे फिरते दिवे रूढ होऊ लागले. एजर्टन यांनी १९३१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत विकसित केलेल्या विद्युत-चमकीच्या तंत्रातून पुढे झेनॉन वायूचे दिवे आले. त्यांची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही अल्प असते.

लपवायचा दिवा

हे सारे टपावरच्या दिव्यासाठी ठीक होते. साध्या गाडीचा टप मोकळा ठेवायचा, मग दिवा कुठे बसवायचा? एक उपाय म्हणजे तळाशी लोहचुंबक असलेला सुटा दिवा. गरज पडली की खिडकीतून हात काढून तो टपावर चिकटवायचा. अमेरिकेत १९७३ ते १९७८ दरम्यान गाजलेल्या ‘कोजॅक’ या दूरदर्शन मालिकेमुळे त्याला ‘कोजॅक दिवा’ असेच नाव पडले. दुसरा उपाय म्हणजे समोरच्या काचेमागे दिवा ठेवणे. पण तिरप्या काचेवरून प्रकाश परत फिरतो आणि रात्री चालकाचेच डोळे दिपतात. तिसरी जागा इंजिनापुढच्या जाळीमागची. ती खाली असते, मध्ये एखादे वाहन आले की दिवा झाकला जातो. या लहान दिव्यांत निळी काच घातली तर उरणारा प्रकाश अगदीच तोकडा. त्यामुळे अमेरिकेत साध्या गाड्यांवर बराच काळ लालच चालला. कॅलिफोर्नियाचा कायदा तर पुढच्या बाजूला १,००० फुटांवरून, म्हणजे सुमारे ३०० मीटरवरून, दिसणारा एक लाल दिवा मागतो.

ही कोंडी फोडली ती प्रकाश देणाऱ्या डायोडने, म्हणजे एलईडीने. लाल एलईडी होलोनियाक यांनी १९६२ मध्ये बनवला. तेजस्वी निळ्या एलईडीसाठी १९९३ पर्यंत थांबावे लागले. त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडी मुळातच निळा प्रकाश देतो, काचेने गाळावा लागत नाही. शिवाय तो बोटभर जाडीच्या पट्टीत मावतो. ही पट्टी काचेच्या वरच्या कडेला, जाळीत, क्रमांकाच्या पाटीशेजारी कुठेही दडवता येते आणि बंद असताना नजरेत भरत नाही.

मग रंग कोणता? मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने २००८ मध्ये केलेल्या अभ्यासाची शिफारस अशी : निळ्याचा वापर वाढवावा, आणि दिवसा व रात्री दिव्याचे तेज वेगवेगळे ठेवावे. रात्री अतितेजस्वी दिव्याने डोळे दिपले तर रस्त्यावर उभा असलेला पोलीसच दिसत नाही. निळ्याच्या बाजूने आणखी दोन मुद्दे आहेत. रात्रीचा रस्ता वाहनांच्या मागच्या लाल दिव्यांनी भरलेला असतो. त्या गर्दीत आणखी एक लाल हरवतो. आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्याचे रंगांधत्व असते. त्यांतील काहींना लाल प्रकाश फार मंद दिसतो. पोलीस दलांनी अनेक ठिकाणी लाल आणि निळा जोडीने लावले, त्यात हे सगळे हिशोब सामावले जातात.

दिसले, पण पटले का?

दिसण्याचा प्रश्न असा बराचसा सुटला. मात्र रात्री एकट्याने गाडी चालवणाऱ्या बाईच्या मागे अनोळखी गाडीच्या जाळीत निळे-लाल दिवे चमकू लागले, तर तिने थांबावे का? असे दिवे विकत मिळतात. पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्यालाही ते मिळतात. एलईडीने ते स्वस्त आणि लहान केले, तशी ही बतावणीही सोपी झाली. रंग, तेज, उघडझाप यांपैकी कशातही खरेपणाची खूण नाही.

म्हणून काही देशांच्या कायद्यांनी विश्वासाचा भार एकट्या दिव्यावर टाकलेला नाही. ब्रिटनमध्ये १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यातील १६३ वे कलम वाहन थांबवण्याचा अधिकार देते तो गणवेशातील पोलिसाला. कॅलिफोर्नियात ज्या अधिकाऱ्याचे मुख्य काम वाहतुकीचे नियम राबवणे आहे, त्याने पूर्ण गणवेश घालावा आणि त्याची गाडी ओळखू येईल अशी रंगवलेली असावी, असे कायदा सांगतो.

दिव्याचा अर्थ कसा झिजतो, याचा अनुभव आपल्याकडे आहेच. मराठीत ‘लाल दिव्याची गाडी मिळाली’ याचा अर्थ ‘मंत्रिपद मिळाले’ असा होऊन बसला. जो दिवा वाट मागण्यासाठी होता तो मानासाठी लावला जाऊ लागला, आणि त्याच्यासाठी बाजूला होणाऱ्याला आत रुग्ण आहे की पाहुणा हे कळेनासे झाले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये या वापराला लगाम घातला, आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने मान्यवरांच्या गाड्यांवरचे दिवे काढून टाकले. दिवे आपत्कालीन सेवांपुरते राहिले.

या विषयावर वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. दिवसा सारखेच उजळ वाटणारे लाल आणि निळे घोटीव कागद निवडून भिंतीवर शेजारी लावा. संध्याकाळी दिवे न लावता दर पाच मिनिटांनी मुलांना विचारा, आता कोणता उजळ आहे? पुर्किन्ये यांचे निरीक्षण त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी करता येईल. त्यानंतर वरचा, रात्रीच्या रस्त्यावरचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा आणि थांबण्यापूर्वी चालकाला दिव्याखेरीज आणखी कोणती खूण मिळायला हवी, याची यादी करायला सांगा. पहिल्या भागाचे उत्तर सर्वांचे सारखे येईल. यादीवर मात्र वाद होतील, आणि ते व्हावेत.