माणिकदांचा साक्षी : नेमाई घोष

कलेचा इतिहास आपण बहुधा कलाकृतींवरून लिहितो. कलाकृती घडत असताना कलावंत कसा दिसत होता, कोठे अडखळत होता, कोणत्या लहानशा गोष्टीसाठी हट्ट धरून बसला होता, हे क्वचितच कळते. अजिंठ्याचे रंग आज आपण पाहतो. ते रंग घोटणारे हात आपल्याला दिसत नाहीत. आपल्या जुन्या चर्चमधील वेदीचे कोरीव काम आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. ते कोरणाऱ्या कारागिराचे नाव विचारले तर मात्र गप्प बसतो. छायाचित्रणाच्या शोधाने ही उणीव काही अंशी भरून काढली. आपल्या देशात याचे एक लक्षणीय उदाहरण म्हणजे कलकत्त्याचे छायाचित्रकार नेमाई घोष. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय काम करीत असताना कसे दिसत, हे आज जग जाणते ते बव्हंशी या एका माणसामुळे.

नेमाई घोष यांचा जन्म 1934 सालचा. त्यांचे पहिले प्रेम रंगभूमी. उत्पल दत्त यांच्या ‘लिटल थिएटर ग्रुप’मध्ये ते नट म्हणून वावरत होते, छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. कोणीतरी टॅक्सीत विसरलेला एक साधा कॅनोनेट कॅमेरा एका मित्रामार्फत त्यांच्या हाती आला आणि आयुष्याला वळण लागले. 1968 साली वीरभूम जिल्ह्यातील रामपूरहाट येथे राय ‘गुपी गाइन बाघा बाइन’ या चित्रपटाचे काम करीत होते. तेथे गेलेल्या घोष यांनी दिग्दर्शकाची आणि नटांची काही छायाचित्रे टिपली. ती पुढे राय यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी मनापासून दाद दिली. माझेच दृष्टिकोन तुम्ही उचललेत, अशा आशयाचे ते कौतुक होते. त्या दिवसापासून 1992 साली राय यांचे निधन होईपर्यंत हा कॅमेरा त्यांच्या मागे राहिला.

ज्यांच्या मागे तो राहिला, त्या राय यांचा व्याप किती होता हे लक्षात घ्यावे लागेल. पटकथा त्यांची, प्रसंगांची रेखाटने त्यांची. 1961 च्या ‘तीन कन्या’पासून संगीतही त्यांचेच. ‘चारुलता’पासून (1964) कॅमेराही ते स्वतः हाताळू लागले. याशिवाय भित्तिपत्रके, मुलांसाठी कथा आणि आजोबांनी सुरू केलेल्या ‘संदेश’ मासिकाचे संपादन होतेच. एकाच माणसात एवढी माणसे नांदत असतील, तर एखाददुसऱ्या छायाचित्रात तो मावणार कसा? म्हणूनच घोष यांच्या संग्रहात राय नाना रूपांत भेटतात : भिंगाला डोळा लावलेले, योग्य कोन साधण्यासाठी जमिनीवर आडवे झालेले, नटाला अभिनय करून दाखवणारे, पियानोसमोर बसून स्वर शोधणारे, बिशप लेफ्रॉय रोडवरील घरी मांडीवर वही घेऊन चित्र काढणारे.

या संग्रहातील छायाचित्रांची संख्या सुमारे 90,000 सांगितली जाते. एका रिळात 36 चित्रे असा हिशेब धरला, तर ही 2,500 रिळे होतात. आज खिशातल्या दूरध्वनीवर दिवसाला शंभर चित्रे टिपणाऱ्या आपल्याला या आकड्याचे नवल वाटणार नाही. परंतु त्या काळी प्रत्येक चित्राला फिल्म खर्ची पडे आणि फिल्मला पैसा लागे. घोष फ्लॅश वापरीत नसत. खिडकीतून येईल तो उजेड किंवा चित्रीकरणासाठी लावलेल्या दिव्यांचा प्रकाश, एवढ्यावरच त्यांचे काम चाले. अंधुक उजेडात झडप अधिक काळ उघडी ठेवावी लागते आणि तेवढा वेळ हात स्थिर राहावा लागतो. त्यात चित्रीकरणाच्या जागी छायाचित्रकार हा उपराच. ध्वनिमुद्रण चालू असता त्याच्या कॅमेऱ्याची टिचकीसुद्धा अपराध ठरते. सर्वांच्या मध्ये असावे आणि कोणाच्याही वाटेत येऊ नये, हे त्याचे व्रत. रंगभूमीवर स्वतःकडे प्रेक्षकांची नजर वेधण्याची विद्या शिकलेल्या माणसाने इतरांच्या नजरेतून नाहीसे होण्याची विद्या आत्मसात केली, हे आम्हांस विशेष वाटते.

राय यांनी या नात्याला एक नाव दिले. अठराव्या शतकातील इंग्रज पंडित डॉ. जॉन्सन यांचे बोलणे-चालणे टिपून ठेवणारा जेम्स बॉस्वेल प्रसिद्ध आहे. घोष हे लेखणीऐवजी कॅमेरा धरणारे बॉस्वेल आहेत, असे राय यांना वाटे. या कामाचे मोल त्यांना कळत होते, याला कारण होते. त्यांनी स्वतःही इतर कलावंतांना असेच न्याहाळले होते. शांतिनिकेतनात ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पुढे गेली, तरी त्यांची कला थांबली नाही. या गुरूवर राय यांनी 1972 साली ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. नर्तकी बालसरस्वती यांच्यावरही त्यांनी 1976 साली माहितीपट केला. शिष्याने गुरूकडे पाहावे आणि त्या शिष्याकडे आणखी कोणी पाहावे, अशी ही साखळी आहे.

याच कलकत्त्यात पाहण्याची साधना करणारा आणखी एक माणूस होता, त्याचा उल्लेख आपल्या वाचकांसाठी अगत्याचा आहे. कॅनडात जन्मलेले येशूसंघीय फादर गॅस्तों रोबेर्ज 1961 साली भारतात आले. येण्यापूर्वी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी राय यांची अपू-चित्रत्रयी पाहिली होती आणि बंगालचे पहिले दर्शन त्यांना तिच्यातूनच घडले होते. 1970 साली त्यांनी कलकत्त्यात ‘चित्रबाणी’ हे संपर्कमाध्यमांचे केंद्र उभारले, त्याला राय यांचा पाठिंबा लाभला. घोष यांनी कॅमेऱ्याने जे केले, ते फादरांनी राय यांच्या चित्रपटांविषयी लिहून केले. घोष 25 मार्च 2020 रोजी गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फादर रोबेर्ज गेले.

मोठ्या माणसाचा केवळ उत्कर्ष टिपणे सोपे असते. 1983 साली ‘घरे बाइरे’चे काम चालू असताना राय यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर काही वर्षे त्यांना चित्रपट करता आला नाही. पुढे ‘गणशत्रू’ (1989), ‘शाखा प्रशाखा’ (1990) आणि ‘आगंतुक’ (1991) हे अखेरचे चित्रपट त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली केले. त्या काळातही घोष यांचा कॅमेरा तेथेच होता. शरीर थकत चालले आहे आणि डोळ्यांतील एकाग्रता तशीच आहे, हे त्या छायाचित्रांवरून उमगते. वार्धक्याकडे दयेने नव्हे, तर आदराने कसे पाहावे, याचा हा वस्तुपाठच आहे.

1991 साली ‘सत्यजित राय अ‍ॅट 70’ हे घोष यांच्या छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना थोर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची आहे. पुढच्याच वर्षी 23 एप्रिलला राय गेले. चोवीस वर्षे एका माणसाकडे पाहत आलेल्या डोळ्यांनी आता काय करावे? घोष यांनी कॅमेरा खाली ठेवला नाही. रंगभूमी, कलकत्ता शहर, आदिवासी समाज आणि देशातील चित्रकार व शिल्पकार हे त्यांचे विषय झाले. 2010 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

1993 साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हची हानी झाली. त्यांत अपू-चित्रत्रयीही होती. मोठ्या कष्टाने तिचे पुनरुज्जीवन झाले आणि 2015 साली ती पुन्हा लोकांसमोर आली. निर्मिती किती नाजूक असते आणि जतन करणाऱ्यांचे आपल्यावर किती ऋण असते, हे अशा वेळी ध्यानी येते.

दुसऱ्याचे काम टिपण्यात आयुष्य वेचणे म्हणजे स्वतःचे आयुष्य वाया घालवणे, असे कोणी म्हणेल. शुभवर्तमानाच्या वाचकाला तसे म्हणता येणार नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वतःला वराचा मित्र म्हणवून घेतले आणि वराचा आवाज ऐकण्यातच आपला आनंद मानला. त्याचे थोरपण त्याने दाखवलेल्या बोटात आहे. साक्षी होणे हेसुद्धा पाचारण आहे. राय आणि प्रभू येशू यांची येथे तुलना नाही. परंतु स्वतः बाजूला सरून दुसऱ्यातील देणगी जगाला दाखवण्याची ती वृत्ती एकच आहे.

आपल्या धर्मग्रामांतही अशी माणसे आहेत. लग्नाची गीते आठवून म्हणणाऱ्या आजी आहेत, बांबूच्या टोपल्या विणणारे, लाकूड कोरणारे वृद्ध आहेत, वर्षानुवर्षे गायकवृंदाला सूर देणारे शिक्षक आहेत. सणाच्या दिवशी आपण त्यांचे समूहचित्र काढतो. ते कामात गढलेले असताना त्यांच्याजवळ शांतपणे बसून त्यांचे हात कोण टिपतो? घराघरांत आता कॅमेरा आहे. उणीव आहे ती वेळ देणाऱ्या डोळ्यांची.