किती घट्ट म्हणजे घट्ट?

मोटारीचा प्लग बदलणं हे गॅरेजमधलं अगदी किरकोळ काम समजतात. उस्ताद हातातलं मोठं काम सोडत नाही. तो पोऱ्याला हाक मारतो, "प्लग काढ रे, नवे लाव." पोऱ्या प्लगपाना घेतो, जुने प्लग काढतो, नवे बसवतो आणि शेवटी पान्याला एक झटका देतो. झालं काम. पण त्या शेवटच्या झटक्यात एक प्रश्न दडलेला आहे. प्लग घट्ट करायचा म्हणजे नेमका किती घट्ट? मोटार रस्त्यावर आली १८८६ साली. या साध्या प्रश्नाचं उत्तर कारागिराच्या हातात द्यायला त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं लागली. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

सुरुवात ठिणगीपासून करू. विजेच्या ठिणगीनं वायू पेटवण्याचा खेळ मोटारीपेक्षा शंभरएक वर्षांनी जुना आहे. इटलीतल्या व्होल्टानं, म्हणजे ज्याच्या नावावरून आपण व्होल्ट म्हणतो त्यानंच, १७७६-७७ च्या सुमारास एक 'विजेचं पिस्तूल' केलं होतं. बंद भांड्यात दलदलीतला वायू आणि हवा भरायची, बूच लावायचं आणि आत ठिणगी पाडायची. बूच फाडकन उडायचं. लोकांना ती गंमत वाटायची. पण त्या बुचाच्या जागी दट्ट्या बसवला तर काय होईल? १८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लेन्वार यानं जे गॅसवर चालणारं इंजिन केलं, त्यात नेमकं हेच होतं. त्याच्या इंजिनात चिनी मातीच्या आवरणात बसवलेली तार होती. आजच्या प्लगचा तो पूर्वज.

तरीही पुढची चाळीस वर्षं ठिणगीचा भरवसा नव्हता. डाइमलरनं तर तिचा नादच सोडला आणि बर्नरवर तापवलेली लालभडक नळी वापरली. कार्ल बेंझ मात्र विजेला चिकटून राहिला. बॅटरी लवकर उतरायची, तारा उघड्या पडायच्या. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीनं गेली, तेव्हा वाटेत ठिणगीची तार उघडी पडली आणि तिनं मोज्याचा पट्टा गुंडाळून ती झाकली, अशी हकीकत सांगतात. रस्त्यात बॉनेट उघडून उभ्या राहणाऱ्या आपणा सर्वांची ती आद्य पूर्वसूरी म्हणायला हरकत नाही.

हा तिढा सुटला तो श्टुटगार्टच्या रोबर्ट बॉश यांच्या कारखान्यात. तिथला अभियंता गॉटलोब होनोल्ड यानं उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडून चालणारा प्लग अशी जोडी तयार केली. १९०२ च्या जानेवारीत तिचं पेटंट मिळालं आणि मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली. अमेरिकेत याच सुमारास आल्बेर शाँपियाँ नावाचा एक फ्रेंच सायकलपटू पोचला होता. १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत त्यानं जिंकली होती. त्यानं प्लगचा धंदा काढला, पुढं भागीदारांपासून वेगळा झाला. आडनाव भागीदारांकडे राहिलं, म्हणून नव्या कंपनीला त्यानं नावाची आद्याक्षरं दिली. 'चँपियन' आणि 'एसी' हे प्लगचे दोन्ही प्रसिद्ध छाप त्या एकाच माणसाच्या नावाचे.

आपल्याकडे या क्षेत्रातलं घरोघरी माहीत झालेलं नाव म्हणजे 'मायको'. बॉशची ही भारतातली कंपनी १९५१ साली बंगळुरात सुरू झाली आणि तिचे प्लग गावोगावच्या गॅरेजांत पोचले. कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं. नाशिकच्या तिच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर होत, प्लग नव्हे. पण शहरातला चौक लोकांच्या तोंडी 'मायको सर्कल' असाच राहिला.

त्या काळात प्लग हा बदलण्यापेक्षा साफ करण्याचा भाग होता. कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त सोडे, तेल वर चढे, पेट्रोलमध्ये शिसं असे. प्लगवर काजळी धरे. मग तो काढायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, पॉलिश पेपर फिरवायचा, फिलर गेजनं फट बघायची आणि परत बसवायचा. मुंबईच्या फियाट टॅक्सीवाल्यांना हे काम डोळे मिटून येई. प्लगच्या टोकाचा रंग बघून ते इंजिनाची तब्येत सांगत. विटकरी-करडा रंग म्हणजे ठीक, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय. अशा माणसाच्या हातात प्लग किती घट्ट करायचा याचा अंदाज आपोआप बसलेला असे, कारण तो हात महिन्यातून कितीतरी वेळा तेच काम करत असे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्लग पडू नये एवढ्यासाठीच तो घट्ट करायचा असतो, असं पुष्कळांना वाटतं. खरी गोष्ट वेगळी आहे. सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतं तेव्हा तिथलं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग सेकंदाला पंचवीस वेळा ही आग सोसतो. ती उष्णता बाहेर कुठून जाणार? मुख्यतः प्लगच्या आट्यांतून आणि वायसरमधून, इंजिनाच्या हेडमध्ये. प्लग सैल राहिला तर धातूला धातू नीट टेकत नाही आणि ही वाट बंद होते. टोक तापत जातं आणि साधारण साडेआठशे अंशांच्या पुढं गेलं की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवू लागतं. अशानं पिस्टनला भोकही पडू शकतं.

उलट जास्त घट्ट केला तर? जुन्या अँबॅसडरच्या पेट्रोल इंजिनाचं हेड बिडाचं होतं. बीड बिचारं पुष्कळ सोसतं. पण हलकं वजन आणि उष्णता चटकन वाहून नेण्याचा गुण यांमुळे हेड अ‍ॅल्युमिनियमची होत गेली आणि तिथं पोलादी प्लगला मऊ धातूशी संसार करायची वेळ आली. एक झटका जास्त बसला की आटे हेडमधून निघून येतात. प्लग शंभर-दोनशे रुपयांचा आणि भुर्दंड हेड उतरवून नवे आटे बसवण्याचा. शिवाय जादा ताणानं प्लगचं धातूचं अंग ओढलं जातं आणि आतल्या मातीच्या आवरणाची पकड सुटते, ते वेगळंच.

म्हणजे कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. मग मोजायचं कसं? गंमत अशी की, याचं उत्तर मोटारीच्या गॅरेजात सापडलं नाही. ते सापडलं नळाच्या पाइपात. कॉनराड बार हे न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करत. दोन पाइपांच्या सांध्यावर गोलाकार बसवलेले बोल्ट सगळे सारखे घट्ट नसत. कुठं जास्त, कुठं कमी. मग सांधा एका बाजूला दबतो आणि दुसऱ्या बाजूनं गळतो. या त्रासावर उपाय म्हणून १९१८ साली आपण ताण मर्यादित ठेवणारा पाना बनवला, असं बार यांचं म्हणणं होतं. १९३१ साली शिकागोच्या जॉन शार्प यांनी पीळ मोजून दाखवणाऱ्या पान्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढं १९३५ मध्ये बार आणि त्यांचे भागीदार जॉर्ज फेफर्ल यांनी असा पाना पेटंट केला, की ठरवलेला पीळ गाठला की तो आवाज करून कळवी. आज गॅरेजात 'टिक' असा आवाज करणारा टॉर्क रेंच दिसतो, तो याच घराण्यातला.

टॉर्क म्हणजे पीळ. पंचवीस सेंटिमीटर लांबीचा पाना आडवा धरला आणि त्याच्या टोकाला दहा किलोची धान्याची पिशवी अडकवली, तर जो पीळ बसेल तो सुमारे पंचवीस न्यूटन-मीटर. चौदा मिलिमीटरचा वायसरवाला प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवायला साधारण पंचवीस ते तीस न्यूटन-मीटर पुरतात. बारीक, म्हणजे दहा मिलिमीटरच्या प्लगला दहा ते बाराच. पान्याची लांबी दुप्पट केली की त्याच जोरात पीळ दुप्पट होतो. पान्यात नळी अडकवून जोर लावणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. काही पुस्तिकांतले आकडे फूट-पौंडांत असतात. एक फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. एकक न बघता नुसता आकडा लावला तर मोजूनही चूक होते.

आणखी एक खुबी आहे. आपण लावलेल्या पिळातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्च होतो. सांधा प्रत्यक्ष आवळायला जेमतेम दहा टक्के उरतो. म्हणून आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं, की घर्षण घटतं आणि तोच आकडा गाठताना सांधा कितीतरी जास्त आवळला जातो. प्लग सहज निघावा म्हणून भल्या हेतूनं लावलेलं ग्रीस असं उलटतं. मुलामा दिलेल्या नव्या प्लगला काही लावू नका, असं कंपन्या सांगतात ते याचसाठी.

मोजण्याची गरज कुठवर गेली होती, याचा एक दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं बी-३६ नावाचं अवाढव्य बाँबफेकी विमान वापरात आणलं. त्याला पिस्टनची सहा इंजिनं, प्रत्येकात अठ्ठावीस सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. म्हणजे एका विमानाला तीनशे छत्तीस प्लग! वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या पाळ्यांत ते बदलायचे. तिथं एखाद्या उस्तादाच्या मनगटाच्या अंदाजावर काम भागणार कसं? आकडा हवा, जो कुणाच्याही हाताला सारखाच लागू पडेल.

मग हाताचं कौशल्य वाया गेलं का? तसंही नाही. प्लग आधी बोटांनीच फिरवायचा, म्हणजे आटे तिरके बसत असतील तर लगेच कळतं. इंजिन गार असताना काम करायचं. टॉर्क रेंच नसेल तर प्लगच्या खोक्यावरही सूचना असते. वायसरवाला चौदा मिलिमीटरचा नवा प्लग हातानं टेकला की पुढं अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. निमुळत्या बैठकीचा असेल तर फेऱ्याचा फक्त सोळावा हिस्सा. वायसर दबताना हाताला जो लोण्यासारखा मऊपणा जाणवतो आणि नंतर जो कडकपणा येतो, तो जुन्या उस्तादांना पक्का ठाऊक होता. आकड्यानं तीच जाणीव लिहून ठेवली.

पण आता काळ बदलला आहे. भारतात २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं, कार्ब्युरेटर गेले, प्लगची टोकं इरिडियमची झाली. इरिडियम चोवीसशे अंशांच्या वर वितळतं, त्यामुळे असे प्लग लाखभर किलोमीटर टिकतात. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर फियाटची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही निवृत्त झाली. म्हणजे जो हात महिन्यातून चारदा प्लग काढत होता, त्याच्या जागी आज वर्षातून क्वचितच ते काम करणारा हात आहे. सराव कमी, हेड नाजूक, प्लग खोल भोकात बसवलेला. आकड्याची गरज आज पूर्वीपेक्षा जास्त आहे, ती अशी.

आणि यात एक माणुसकीचाही भाग आहे. आटे गेले की बोलणी पोऱ्याला बसतात. कधीकधी पगारातूनही कापून जातं. किती घट्ट करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 'अंदाजानं कर' एवढंच सांगितलेलं असतं, आणि अंदाज तर उस्तादाच्या वीस वर्षांच्या मनगटात असतो. टॉर्क रेंचची ती बारीकशी 'टिक' पोऱ्याला पहिल्याच दिवशी सांगते, की बस, इथं थांब. पुढच्या वेळी गाडीचे प्लग बदलायला द्याल, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतला आकडा तेवढा त्या मुलाला वाचून दाखवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)