दोन भाषांत नांदलेला कवी : दिलीप चित्रे आणि मुंबईची द्विभाषिक कविता

दिलीप पुरुषोत्तम चित्रे यांचा जन्म 17 सप्टेंबर 1938 रोजी बडोद्यात झाला. गायकवाडांच्या राजवटीमुळे बडोद्यात मराठी वस्ती मोठी होती. दरबाराची आणि सुशिक्षित घरांची भाषा मराठी, बाजाराची गुजराती, शिक्षणाची हळूहळू इंग्रजी होत चाललेली, आणि हिंदुस्थानी संगीतामुळे हिंदीही कानावर पडणारी. अशा शहरात वाढलेल्या मुलाला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणे हा रोजच्या व्यवहाराचा भाग वाटावा, यात नवल नाही. पुढे चित्र्यांनी मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत कविता लिहिली, हिंदीत चित्रपट काढला आणि मराठीतला सर्वांत मोठा कवी इंग्रजीत नेला. त्याची पायाभरणी या शहरात आणि त्यांच्या घरात झाली.

घराचा उल्लेख मुद्दाम करायला हवा. वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे बडोद्याहून 'अभिरुची' हे मासिक चालवीत. चाळीसच्या दशकात मराठीतले नवे लेखन ज्या मोजक्या नियतकालिकांतून पुढे आले, त्यांत 'अभिरुची'चे स्थान मोठे आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या ज्या कवितांनी वाचकांना हादरवले, त्यांतल्या काही इथे छापल्या गेल्या, तरुण पु. ल. देशपांडे इथे लिहीत. मराठी नवकवितेचा वाद चित्र्यांच्या घरातच चालू होता. त्यामुळे 1951 मध्ये कुटुंब मुंबईला आले, तेव्हा तेरा वर्षांच्या दिलीपला आधुनिक कवितेची ओळख करून घ्यायची नव्हती. ती आधीच झाली होती.

मुंबईत त्यांची गाठ पडली ती अरुण कोलटकर यांच्याशी. कोलटकर कोल्हापूरचे, वयाने काही वर्षांनी मोठे, चित्रकलेचे विद्यार्थी आणि पुढे जाहिरात क्षेत्रातले नामांकित कलाकार. कोलटकर, रमेश समर्थ आणि आणखी काही मित्रांबरोबर चित्र्यांनी 1954 मध्ये 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक सुरू केले. चित्रे तेव्हा सोळा वर्षांचे होते. 'सत्यकथा'सारख्या प्रतिष्ठित मासिकांच्या संपादकीय चाळणीतून न जाता, थोड्या प्रती स्वतः काढायच्या आणि वाटायच्या, ही रीत मराठीत इथून रुजू लागली. साठच्या दशकात अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले यांच्या पिढीने तिची चळवळ केली. 'असो', 'वाचा', 'येरू' अशी अनेक अनियतकालिके निघाली. लघुनियतकालिकांचा इतिहास लिहिणारे 'शब्द'पासून सुरुवात करतात.

द्विभाषिक कवी ही मराठीला नवी गोष्ट नव्हती. नामदेवांची हिंदी पदे पंजाबात पोचली आणि त्यांतली 61 गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. एकनाथांनी हिंदुस्थानीत रचना केल्या, तुकारामांच्या गाथेतही हिंदुस्थानी रचना सापडतात. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात मराठीबरोबर तेलुगू आणि संस्कृतही चालत असे. इंग्रजी आल्यावर मात्र चित्र बदलले. इंग्रजीत विचार मांडायचे आणि कविता मराठीत लिहायची, अशी वाटणी झाली. मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्रावरचे 'आर्ट्स अँड मॅन' इंग्रजीत आहे, पण त्यांची कीर्ती उभी आहे ती मराठी कवितेवर. साठच्या दशकातल्या मुंबईत ही वाटणी पुसली गेली. कोलटकर दोन्ही भाषांत कविता लिहू लागले आणि मुंबईच्या बोलीभाषेतल्या हिंदीतही. पुढे गौरी देशपांडे, विलास सारंग, किरण नगरकर असे लेखक दोन्ही भाषांत ये-जा करू लागले. एवढ्या संख्येने सर्जनशील लेखन दोन भाषांत करणारी पिढी मराठीत त्याआधी झालेली नाही.

या पिढीत चित्र्यांचा मार्ग वेगळा आहे. कोलटकरांची मराठी कविता आणि इंग्रजी कविता शेजारीशेजारी उभ्या राहतात. इंग्रजी 'जेजुरी' 1976 मध्ये क्लिअरिंग हाउस या कवींनीच चालवलेल्या प्रकाशनाने काढली, दुसऱ्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, आणि त्याच 1977 साली 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह आला. दोन्ही पुस्तके एकमेकांचे भाषांतर नव्हेत. चित्र्यांनी मात्र दोन्ही भाषांत स्वतंत्र कविता लिहून शिवाय तिसरे काम अंगावर घेतले. एका भाषेतली कविता दुसऱ्या भाषेतल्या वाचकापर्यंत पोचवण्याचे हे काम त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी ठरली.

पहिला संग्रह 'कविता' 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चित्रे इथिओपियात इंग्रजी शिकवायला गेले आणि तिथे तीन वर्षे राहिले. आफ्रिकेतल्या वास्तव्यातून 'शिबा राणीच्या शोधात' हे प्रवासलेखन आले. परतल्यावर 1967 मध्ये त्यांनी एक महत्त्वाचे पुस्तक सिद्ध केले. 1945 ते 1965 या दोन दशकांतल्या मराठी कवितेचे त्यांनी संपादित आणि अनुवादित केलेले संकलन इंग्रजीत मुंबईच्या निर्मला सदानंद पब्लिशर्सने काढले. मर्ढेकरांनंतर मराठी कवितेत जे घडले, ते मराठी न जाणणाऱ्याला एकत्र वाचायला मिळण्याची ही पहिली मोठी सोय. संपादक तिशीच्याही आतला होता. आपल्या समकालीनांना आणि थेट आधीच्या पिढीला इतक्या कमी वयात निवडून, पारखून, परभाषेत उभे करण्याचे धाडस मराठीत दुर्मीळ आहे.

त्यांची स्वतःची इंग्रजी कविता 1972 च्या 'अँब्युलन्स राइड'पासून पुस्तकरूपात दिसू लागते. 1975 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाचे निमंत्रण मिळाले. 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' हा इंग्रजी संग्रह 1980 चा. त्याआधी 1978 मध्ये मराठीत 'कवितेनंतरच्या कविता' आला होता. कुटुंब, शरीर, शहर, मृत्यू हे विषय दोन्ही भाषांत येतात. मराठीत ते संतकवितेच्या आणि लोकलयीच्या आधाराने बोलतात, त्यामुळे त्यांच्या ओळींचा पट लांब आणि आवाज भारदस्त. इंग्रजीत ते अधिक नेमके, अधिक कोरडे होतात. भारतीय शाळांमध्ये चित्रे बहुधा इंग्रजी कवी म्हणूनच ओळखले जातात, कारण 'फेलिंग ऑफ द बॅनियन ट्री' आणि 'फादर रिटर्निंग होम' या कविता पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनी वाचल्या आहेत. पहिल्या कवितेत वडील जुन्या घराभोवतीची झाडे तोडायला लावतात आणि कुटुंब बडोद्याहून मुंबईला येते. इंग्रजी भाषेतल्या भारतीय कवितेत मराठी मध्यमवर्गीय घराची ही नोंद कायम झाली.

ऐंशीच्या दशकात चित्रे चित्रपटांतही काम करत होते. भाऊ पाध्ये यांच्या कथेवर त्यांनी 'गोदाम' हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. 1984 मध्ये फ्रान्समधल्या नाँत येथील महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. गोविंद निहलानी यांच्या 'विजेता'चे लेखन त्यांनी केले. निहलानींच्याच 'अर्धसत्य' या 1983 च्या चित्रपटाचे नाव ज्या कवितेवरून आले, ती चित्र्यांची आहे, आणि ओम पुरी यांच्या आवाजात ती जितक्या लोकांपर्यंत पोचली तितक्या लोकांपर्यंत त्यांची कोणतीही पुस्तके पोचली नसतील. भोपाळच्या भारत भवनात कवितेचे केंद्र असलेल्या 'वागर्थ'चे संचालकपदही त्यांनी सांभाळले. याच काळात ते भारतीय भाषांतल्या आणि जगातल्या कवींना एकत्र आणणाऱ्या कार्यक्रमांच्या आखणीत गुंतले. वृत्तपत्री लेखन, समीक्षा, कथा, चित्रकला हेही सारे चालू होते. त्यांपैकी कशाचाही स्वतंत्र विचार करता येईल. पण त्यांच्या कीर्तीचा मध्य दुसरीकडेच आहे.

तो मध्य म्हणजे तुकाराम. चित्र्यांनी तुकारामांच्या अभंगांचे इंग्रजीत भाषांतर करण्याचे काम तारुण्यातच सुरू केले आणि दशकानुदशके चालू ठेवले. 1990 मध्ये 'पुन्हा तुकाराम' आणि 1991 मध्ये पेंग्विनने काढलेले 'सेज तुका' ही या परिश्रमाची दोन फळे. मराठी पुस्तकात त्यांनी अभंगांची निवड करून तुकारामाला पुन्हा वाचण्याची मागणी केली: वारकऱ्यांचा संत म्हणून तो पूज्य आहेच, पण कवी म्हणून तो जगातल्या थोर कवींच्या पंक्तीत बसतो, आणि त्याचे हे मोठेपण समजून घ्यायला त्याला कवी म्हणूनच वाचावे लागते. इंग्रजी पुस्तकात तेच म्हणणे त्यांनी भाषांतराने सिद्ध करून दाखवले.

हे काम किती अवघड होते, ते आधीचे प्रयत्न पाहिल्यावर कळते. जे. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांचे तीन खंडांतले भाषांतर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूर्ण झाले. ते गद्यात आहे, आणि अर्थाशी इमान राखणारे असले तरी त्यात अभंगाचा श्वास येत नाही. जस्टिन ॲबट या अमेरिकी मिशनऱ्यानेही महाराष्ट्रातल्या संतकवींवर मोठे काम केले. त्यामागची दृष्टी धार्मिक जीवनाची ओळख करून देण्याची होती. चित्र्यांनी अभंगाचे छंद आणि यमक इंग्रजीत ओढूनताणून आणले नाहीत. छोट्या ओळी, बोलण्याची गती, अचानक वळणारा शेवटचा चरण आणि देवाशी भांडणारा माणूस या गोष्टी त्यांनी जपल्या. पुस्तकाची रचनाही त्यांनी तुकारामांच्या चरित्राच्या क्रमाने न करता, कवी असणे, माणूस असणे, भक्त असणे, संत असणे अशा टप्प्यांवर केली. कवी असणे पहिले, ही मांडणी त्यांच्या भूमिकेशी सुसंगत आहे. देहूच्या वाण्याने सतराव्या शतकात उभा केलेला आवाज इंग्रजी वाचकाला एखाद्या समकालीन कवीसारखा जवळून ऐकू येतो, ही या भाषांतराची खरी कमाई.

1994 साली साहित्य अकादमीने त्यांना दोन पुरस्कार दिले: 'एकूण कविता-1' या मराठी संग्रहासाठी साहित्य पुरस्कार, आणि 'सेज तुका'साठी भाषांतराचा पुरस्कार. एकाच वर्षी स्वतःच्या भाषेतल्या निर्मितीचा आणि त्या भाषेतून बाहेर नेलेल्या कवितेचा असा गौरव होणे विरळा. 'एकूण कविता' पुढे आणखी दोन खंडांत पुरी झाली. दोन वर्षांनी, 1996 मध्ये, ज्ञानदेवांच्या 'अनुभवामृता'चे इंग्रजी भाषांतर आले. वेदान्ती परिभाषेने गच्च भरलेला हा ग्रंथ तुकारामांच्या बोलक्या अभंगांपेक्षा फार वेगळा आहे. तिथे चित्र्यांच्या भाषांतरात तितकी सहजता नाही, आणि तशी अपेक्षाही करता येत नाही.

चित्रे संतांपाशी थांबले नाहीत, आणि हेच त्यांच्या भाषांतरांचे मोल वाढवते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने 1972 नंतर मराठी कवितेची जमीनच हलवली, पण कामाठीपुऱ्याची ती भाषा इंग्रजीत कशी न्यायची, हा प्रश्न अनेकांनी सोडून दिला होता. चित्र्यांनी तो हातात घेतला. ढसाळांच्या कवितांचा त्यांचा इंग्रजी संग्रह 2007 मध्ये 'नवायन' प्रकाशनाने काढला. हेमंत दिवटे यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या कवींचेही अनुवाद त्यांनी केले. ज्ञानदेव, तुकाराम, मर्ढेकर, कोलटकर, ढसाळ, आणि नव्वदोत्तर कवी: मराठी कवितेचा सातशे वर्षांचा पट एका माणसाने परभाषेत उभा केला, असे दुसरे उदाहरण सापडत नाही.

यावर आक्षेपही घेतले गेले. साठच्या दशकाच्या त्याच चळवळीतून पुढे नेमाड्यांच्या देशीवादाचा आग्रह उभा राहिला. लेखकाने आपल्या भाषेत आणि भूमीत रुजून लिहावे, इंग्रजीतले भारतीय लेखन मुळे तोडलेले असते, असा तो विचार. त्याच नेमाड्यांनी साहित्य अकादमीसाठी तुकारामांवर इंग्रजीत पुस्तिका लिहिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. चित्र्यांच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. त्यांचे इंग्रजी मराठीच्या जागी आलेले नाही. ते जितके इंग्रजीत गेले, तितकी मराठी कविता बरोबर घेऊन गेले, आणि परत येताना युरोप, अमेरिका, आफ्रिकेतले काव्यभान मराठीत आणले. 'आधुनिक कवितेला सात छेद' हे त्यांचे समीक्षेचे पुस्तक वाचले की ही देवघेव स्पष्ट दिसते.

शेवटची वर्षे त्यांनी पुण्यात काढली. 'न्यू क्वेस्ट' या इंग्रजी त्रैमासिकाचे संपादन त्यांनी केले. निवडक इंग्रजी कवितांचे संकलन 'ॲज इज, व्हेअर इज' 2007 मध्ये, आणि निवडक मराठी कवितांचे त्यांनीच केलेले इंग्रजी अनुवाद 'शेष' या नावाने 2008 मध्ये मुंबईच्या पोएट्रीवाला प्रकाशनाने काढले. 10 डिसेंबर 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या आधी पाच वर्षे, 25 सप्टेंबर 2004 रोजी, कोलटकर पुण्यातच गेले होते. 'शब्द' काढणारे ते दोन तरुण आयुष्याच्या अखेरीस एकाच शहरात विसावले.

मराठी वाचकाने चित्र्यांची इंग्रजी पुस्तके बहुतेक वाचलेली नाहीत, आणि इंग्रजीतून त्यांना ओळखणाऱ्याने 'एकूण कविता' उघडून पाहिलेली नाही. हा कवी अर्धा वाचून समजत नाही. 'पुन्हा तुकाराम' आणि 'सेज तुका' शेजारी ठेवून एकदा तरी वाचावेत. चित्र्यांना समजून घेण्याची सुरुवात तिथून करणे सर्वांत योग्य.