अमाइने : रासायनिक गुणधर्म व अभिक्रिया

अमोनियातील एक, दोन किंवा तिन्ही हायड्रोजन अणूंच्या जागी अल्किल वा अरिल गट येऊन बनणारी कार्बनी संयुगे. ती अनुक्रमे प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक म्हणवतात. त्यांतील मेथिल व एथिल अमाइन व्युर्त्स यांनी १८४९ मध्ये तयार केली.

नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची एक जोडी बंधात न गुंतता मोकळी असते. अमाइनांचे बहुतेक सगळे रसायन याच जोडीतून निघते. आम्लातला प्रोटॉन ती स्वीकारते व क्षार तयार होतो. म्हणून अमाइने आम्लारी ठरतात. शिळ्या होऊ लागलेल्या समुद्री मासळीचा वास मुख्यतः ट्रायमेथिल अमाइनाचा. लिंबू पिळले किंवा आगळ लावले की त्याचा बाष्प न होणारा क्षार बनतो आणि वास मरतो.

वायुरूपात मेथिल गट वाढतील तसा आम्लारीपणा वाढतो. पाण्यात मात्र क्रम बिघडतो, आणि तोच खरा अभ्यासण्याजोगा आहे : डायमेथिल अमाइन सर्वांत प्रबळ (पीकेबी सु. ३.३), मग मेथिल (३.४), ट्रायमेथिल (४.२) आणि शेवटी अमोनिया (४.७५). ट्रायमेथिल अमाइनाच्या आयनावर एकच हायड्रोजन उरतो. पाण्याशी हायड्रोजन बंध कमी जुळतात आणि आयनाला पुरेसे स्थैर्य मिळत नाही. ॲनिलिनाची जोडी बेंझीन वलयात विखुरते, म्हणून ते फारच दुर्बल (९.४).

सर्वांत फलदायी अभिक्रिया डायअझोकरणाची; ग्रीस यांनी ती १८५८ मध्ये प्रसिद्ध केली. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेले ॲनिलीन बर्फात ०–५° से. वर ठेवून सोडियम नायट्राइटचे द्रावण थेंबाथेंबाने घालतात. तयार झालेले डायअझोनियम द्रावण अल्कलीयुक्त बीटा-नॅफ्थॉलात ओतताच नारिंगी-लाल रंजक खाली बसते. अझो रंजकांचा सारा उद्योग यावर उभा आहे. द्रावण तापले तर नायट्रोजन निघून जातो व फिनॉल उरते. अल्किल प्राथमिक अमाइनांचे डायअझोनियम क्षार थंडीतही टिकत नाहीत.

क्लोरोफॉर्म व अल्कोहोली पोटॅशसह तापवल्यावर असह्य दुर्गंध आला, तर अमाइन प्राथमिक समजावे.

ॲनिलिनात ब्रोमीनजल घालताच २,४,६-ट्रायब्रोमोॲनिलिनाचा पांढरा अवक्षेप येतो. एकच ब्रोमीन हवा असल्यास आधी असिटिलीकरण करून जोडीचा जोर कमी करतात, पॅरा स्थानी ब्रोमीन बसवतात आणि जलापघटनाने असिटिल गट काढून टाकतात. पॅरा-अमिनोफिनॉलाच्या असिटिलीकरणातून पॅरासिटामॉल मिळते.