उणीव दाखवण्याची रीत

बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागलं की उद्यमबाग मागे पडते आणि पिरनवाडी येते. पुढे मच्छे, त्याच बाजूला 1998 साली स्थापन झालेलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ. कारखाने आणि कॉलेजं यांच्या मधोमध, घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलत वाढलेल्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून ओपन सोर्सच्या कामाची ही प्रस्तावना लिहीत आहे.

ओपन सोर्स म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. खरं तर सोर्स कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा, ही परवानगी त्याच्या लायसन्समध्येच असते. 1 मे 2003 ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्याच्यावर उभा आहे तो मीडियाविकी असाच, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता फॉन्टही खुल्या लायसन्सचाच. पण परवानगी कागदावर मिळते. आत गेल्यावर गाठ पडते ती माणसांशी.

त्या माणसांवर काय गुदरू शकतं, हे एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्या प्रकल्पात दिसलं. लासे कॉलिन हा गृहस्थ तो बिनपगारी सांभाळत होता. 2022 मध्ये काही जणांनी त्याच्यामागे टुमणं लावलं: काम रेंगाळतंय, दुसऱ्याकडे सोपवा. आपली मनःस्थिती ठीक नाही, हे त्यानं सांगूनही कुरकुर थांबली नाही. ती बहुधा बनावट नावांनी चाललेली होती. ‘जिया टॅन’ नावाच्या मदतनिसाला हळूहळू अधिकार मिळाले आणि त्यानं कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं तो पकडला, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पिच्छा पुरवून. तक्रार तर त्याचीही होती; पण ती मोजमापासकट होती.

म्हणून उणीव दाखवूच नका, असं मी म्हणणार नाही. गोडगोड बोलणाऱ्यांचा इथे फारसा उपयोग नसतो. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच कळवलं तर समोरचा काय करणार? ‘अमुक आवृत्ती, अमुक फॉन्ट, दऱ्या टाइप केलं, दिसलं दर्या’ असं लिहिलं की दरीच्या जागी समुद्र का आला, हे मराठी न येणाऱ्यालाही शोधता येतं. ‘दर्या’तला हाच र् कन्नडमध्ये अर्कावत्तु होऊन अक्षराच्या उजवीकडे बसतो. दोन्ही लिप्या येणाऱ्याला दोन्हीकडचे घोटाळे दिसतात, आणि अशी माणसं तुमच्या गल्लीत आहेत.

कोड येत नसेल तरी अडत नाही. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पात मराठी आहे. वाक्य वाचून आवाज द्यायचा, दुसऱ्यांनी ऐकून तो बरोबर की नाही ते सांगायचं. बेळगावी हेल ऐकून ‘हे चुकीचं मराठी’ म्हणत नकाराचं बटण दाबणारा कुणी भेटेलही. तरी लाजू नका. आणि तुम्ही तपासायला बसाल तेव्हा मालवणी किंवा वऱ्हाडी हेलाला तसं नाकारू नका.

मतभेद होतीलच. पाठवलेली दुरुस्ती नाकारली गेली तर कारण विचारा, पटलं तर बदल करून परत पाठवा. मुळीच जमेना तर कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडायची मुभा लायसन्सच देतं. 2010 मध्ये ओपनऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरमधली मंडळी अशीच बाहेर पडली आणि त्यांनी लिब्रेऑफिस सुरू केलं. ते मराठीतूनही वापरता येतं.