स्वतंत्रपूर

स्वतंत्रपूर : महाराष्ट्र राज्याच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळची, शिक्षा झालेल्या कैद्यांची खुली वसाहत. पूर्वीच्या औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास ती स्थापन झाली. भारतातील खुल्या तुरुंगांच्या आरंभीच्या प्रयोगांत तिची गणना होते. कैद्याला कोंडून ठेवण्याऐवजी त्याच्यावर विश्वास टाकल्यास त्याचे समाजात पुनर्वसन होऊ शकते काय, हा गुन्हाशास्त्रातील मूलभूत प्रश्न येथे प्रत्यक्ष कसोटीस लावण्यात आला.

पार्श्वभूमी : औंध हे सातारा भागातील एक लहान संस्थान. त्याचा मुलूख सलग नव्हता. राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात मोडतात. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ मध्ये गादीवर आले. त्यांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा पूर्वी गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगलेल्या काहींना तेथे रखवालदारीचे काम देण्यात आले होते. गुन्हेगाराला जबाबदारी देऊन पाहण्याची कल्पना या परिसराला त्यामुळे अगदीच अपरिचित नव्हती.

ब्रिटिश हिंदुस्थानातील तुरुंग १८९४ च्या तुरुंग अधिनियमानुसार चालत. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे एक उद्दिष्ट मानले. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात पहारा, सक्तमजुरी व शिस्त यांवरच भर राहिला.

स्थापना : नोव्हेंबर १९३८ मध्ये भवानरावांनी प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये अंमलात आली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत (१९१२–९२) आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा या कार्यात मोठा वाटा होता. बंगलोर येथील विद्युत् कारखान्यातील काम सोडून आलेले फ्रीडमन हे ‘भारतानंद’ या नावानेही ओळखले जात. संस्थानातील काही कैद्यांना तुरुंगातून काढून मोकळ्या जमिनीवर वसवावे, ही सूचना त्यांची. राजेसाहेबांनी ती मान्य केली व आटपाडीच्या कोरडवाहू माळावर ही वसाहत उभी राहिली.

स्वरूप : वसाहतीची मांडणी तीन तत्त्वांवर झाली. पहिले, भिंत व बेडी नसणे. दुसरे, शेतीचे उत्पादक काम. तिसरे, कुटुंबाचा सहवास. यांपैकी तिसरे तत्त्व स्वतंत्रपूरचे खास वैशिष्ट्य होय. इतर बहुतेक खुल्या तुरुंगांत कैदी एकटाच राहतो. येथे त्याला पत्नी व मुलांसह राहता येते. दीर्घ शिक्षेने प्रपंच मोडतो आणि सुटून आलेल्या माणसाला परतायला घर उरत नाही. वसाहतीत घर टिकते आणि त्याबरोबर पळून न जाण्याचे कारणही निर्माण होते. जेथे पहारेकरी नाही, तेथे कैद्याला बांधून ठेवतात ते हे घर व हाती असलेले पीक.

विलीनीकरणानंतर : मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. संस्थान गेले, तरी वसाहत टिकली व राज्याच्या तुरुंग खात्याचा भाग बनली. तिची क्षमता मात्र लहानच, सु. तीस कैद्यांची राहिली. महाराष्ट्रात खुल्या तुरुंगांसाठी १९७१ मध्ये नियम करण्यात आले. त्यांनुसार निवड समिती बंदिस्त तुरुंगांतून चांगल्या वर्तनाच्या कैद्यांची निवड करते.

ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) यांचा जन्म आटपाडी भागातील शेटफळे येथला व शिक्षण औंध संस्थानातले. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी दो आँखे बारह हाथ (१९५७) हा हिंदी चित्रपट काढला. बर्लिन महोत्सवात त्यास रौप्य अस्वल पारितोषिक मिळाले (१९५८). या चित्रपटामुळे प्रयोगाची कीर्ती दूरवर गेली. परंतु एका उदार तुरुंगाधिकाऱ्याच्या व्यक्तिगत प्रभावाची गोष्ट, असे तिचे रूप लोकांच्या मनात ठसले व संस्थानाच्या धोरणाचा भाग मागे पडला.

व्यापक संदर्भ : स्वित्झर्लंडमधील व्हित्सव्हिल येथील शेतीवसाहत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, तर इंग्लंडमधील वेकफील्डजवळची न्यू हॉल छावणी १९३६ ची. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या जिनीव्हा परिषदेने खुल्या संस्थांची शिफारस केली. भारतात संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने उत्तर प्रदेशात चंद्रप्रभा धरणावर कैद्यांची छावणी निघाली (१९५२). पुढे ते राजस्थानचे राज्यपाल असताना सांगानेर येथे कुटुंबासह राहण्याची वसाहत सुरू झाली (१९६३). महाराष्ट्रात येरवडा व पैठण येथे खुले तुरुंग निघाले. सर्वोच्च न्यायालयानेही रामामूर्ती खटल्यात (१९९६) खुल्या तुरुंगांच्या विस्ताराचा विचार करण्यास सांगितले.

संशोधनातील महत्त्व : गुन्हाशास्त्र व फौजदारी न्यायव्यवस्थेच्या पदव्युत्तर अभ्यासकाला स्वतंत्रपूर हे उदाहरण उपयुक्त आहे, तसेच सावध करणारेही आहे. येथे येणारा कैदी आधीच निवडलेला असतो. म्हणून पलायने कमी झाली, एवढ्यावरून पद्धतीचे यश सिद्ध होत नाही. गुन्हा, वय व शिक्षेचा काळ सारखा असलेल्या बंदिस्त तुरुंगातील कैद्यांशी तुलना केली, तसेच सुटकेनंतर काही वर्षे माग घेतला, तरच वसाहतीचा परिणाम निवडीच्या परिणामापासून वेगळा करता येतो. मुलांचे शिक्षण, पत्नीचे श्रम आणि शेजारच्या गावाची स्वीकारवृत्ती यांचाही विचार त्यात आला पाहिजे. कारण शिक्षा एकाला झालेली असली, तरी वसाहतीत राहणे सर्व कुटुंबाच्या वाट्याला येते.

उलट बाजूचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. एका लहान, साधनहीन संस्थानाने पत्करलेला धोका मोठ्या राज्याला अनेक दशकांनंतरही थोड्याच कैद्यांपुरता मर्यादित ठेवावासा वाटला. निवडीचे निकष कडक ठेवले, तर प्रयोग सुरक्षित राहतो. पण ज्यांना सुधारण्याची खरी गरज आहे, ते त्याबाहेरच राहतात. हा पेच सोडविल्याशिवाय स्वतंत्रपूर हे तुरुंगव्यवस्थेतील एक सन्मान्य अपवादच राहील.