भाडेकरू, भुयार आणि घरातला कॉम्प्युटर

जुईनगरकरांनो, नोव्हेंबर २०१७ आठवतोय ना? सेक्टर ११ मधल्या बँक ऑफ बडोदाच्या शाखेत सोमवारी, १३ तारखेला लॉकररूम उघडली आणि जमिनीत भोक सापडलं. चोरांनी त्याच इमारतीतला एक गाळा काही महिने आधी रीतसर भाड्याने घेतला होता. पुढे दुकान चालू आणि आत खणणं चालू. शनिवार-रविवारची सुट्टी साधून ३० लॉकर फोडले. दरवाजा शाबूत, शटर शाबूत, कुलूप शाबूत. टीव्हीवाले आठवडाभर आपल्या गल्लीत ठाण मांडून होते.

सोसायटीत कोणी मला विचारलं की स्पायवेअर म्हणजे नेमकं काय, तर मी हाच प्रसंग सांगतो. व्हायरस म्हणजे दार फोडून घुसणारा दांडगट, आल्या आल्या कळतो. स्पायवेअर म्हणजे तो भाडेकरू. आपणच त्याला आत घेतो, तो पुढे काहीतरी कामाचं दुकान मांडतो, आणि मागे महिनोन्‌महिने खणत बसतो. आवाज होऊ न देणं हेच त्याचं कौशल्य.

गेल्या काही महिन्यांत घरचा कॉम्प्युटर "साफ" करून आणलेले आणि पंधरा दिवसांत परत तेच रडगाणं घेऊन आलेले बरेच जण भेटले. म्हणून या गोष्टीचा थोडा इतिहास लिहितोय. तो कळला की साफसफाई का फसते तेही कळतं.

सुरुवात आपल्या शेजारूनच झाली. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून तो ओळखला जातो. गंमत अशी, की त्यात त्या भावांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता! आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला पकडाव्यात एवढाच त्यांचा हेतू होता, असं ते सांगतात. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो जगभर गेला. आज कोण असा पत्ता ठेवेल?

नव्वदच्या दशकात ही साथ पुण्यातही होती. तिथे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशीनना हार्डवेअरचा काही रोग नसायचा, व्हायरस असायचा. त्यांचे धाकटे भाऊ संजय तेव्हा कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. २००७ पर्यंत कंपनीचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. मी इथे कोणाची जाहिरात करत नाहीये. सांगायचं एवढंच, की मराठी घरातल्या दुरुस्तीच्या टेबलावर हा धंदा जन्मला, कारण गरज घरोघरी होती.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि चित्र पालटलं. आधी रोग फ्लॉपीतून यायचा, आता तारेतून यायला लागला. आणि त्याचा हेतूही बदलला. फायली उडवून मजा बघण्यापेक्षा माणूस काय बघतो, काय टाइप करतो, हे विकण्यात पैसा होता. 'गेटर' नावाचा प्रोग्रॅम फॉर्म भरायला मदत करायचा. सोयीचा वाटायचा, पण बदल्यात तुमच्या ब्राउझिंगवर नजर ठेवून जाहिराती फेकायचा. गाणी उतरवायच्या सॉफ्टवेअरबरोबर टूलबार फुकट यायचे. ज्यांच्याकडे २००३-०४ मध्ये पीसी होता त्यांना आठवेल, ब्राउझर उघडला की अर्धा पडदा टूलबारनेच भरलेला असायचा.

त्याच काळातल्या 'कूलवेबसर्च'ने सगळ्यांना रडवलं. होमपेज बदलायचा. तुम्ही नीट केलंत की पुन्हा चालू केल्यावर परत हजर. कारण त्याचे तुकडे अनेक ठिकाणी लपलेले असायचे. एक काढला की दुसरा तो पुन्हा बसवायचा. त्याच्याशी लढायला मोठ्या कंपन्या आधी आल्या नाहीत. जर्मनीतल्या पॅट्रिक कोला यांनी 'स्पायबॉट' लिहिलं आणि फुकट दिलं. नेदरलँड्सच्या मेरिजन बेलेकोम या विद्यार्थ्याने 'हायजॅकधिस' लिहिलं. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या शेवटी 'जायंट' नावाची छोटी कंपनी विकत घेतली आणि तिच्या प्रोग्रॅममधून पुढे विंडोज डिफेंडर आला. आज तुमच्या विंडोजमध्ये फुकट बसलेला राखणदार तो हाच.

२००५ मध्ये तर हद्द झाली. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की गुपचूप एक लपवणारा प्रोग्रॅम बसत होता. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ते उघडकीला आणलं. दुकानातून पैसे मोजून घेतलेली सीडी! म्हणजे "मी कुठल्या वाकड्या साइटवर जातच नाही" हे उत्तर तेव्हाच अपुरं पडलं होतं.

मग पेन ड्राइव्हचं युग. झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट प्रिंट करायला पेन ड्राइव्ह दिला, घरी आणला, तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. कॉलेजच्या पोरांना हे अजून भेटतं. पेन ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याची सोय विंडोजमध्ये होती. ती जुन्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टने अपडेटमधून २०११ मध्ये बंद केली. तोवर 'कॉन्फिकर'सारख्या किड्यांनी याच वाटेने जग पालथं घातलं होतं.

आता महाराष्ट्रातलं सगळ्यात गंभीर प्रकरण. ते राजकीय आहे, पण मी त्याची फक्त कॉम्प्युटरची बाजू सांगणार आहे. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद खटल्यात २०१८ मध्ये रोना विल्सन यांचा लॅपटॉप पुणे पोलिसांनी जप्त केला. त्यातली पत्रं हा खटल्यातला महत्त्वाचा पुरावा ठरला. बचाव पक्षाने लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. त्यात म्हटलं होतं, की जून २०१६ मध्ये ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधली फाइल उघडल्यावर 'नेटवायर' हा प्रोग्रॅम आत बसला, २२ महिन्यांहून अधिक काळ तो लॅपटॉप दुसऱ्या कोणाच्या ताब्यात होता, आणि ती पत्रं बाहेरून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. काय खरं ते न्यायालय ठरवेल, आपण इथे निकाल द्यायचं कारण नाही.

पण एक गोष्ट आपल्यासाठी उरतेच. 'नेटवायर' हे काही गुप्तहेरांचं दुर्मिळ हत्यार नव्हतं. दूरून कॉम्प्युटर सांभाळायचं साधन म्हणून ते वर्षानुवर्षं एका वेबसाइटवर उघड विकलं जात होतं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकन तपास यंत्रणेने ती वेबसाइट जप्त केली आणि क्रोएशियात अटक झाली. म्हणजे जे कोणालाही विकत मिळत होतं, त्याने बाहेरून फाइल वाचताही येतात आणि ठेवताही येतात. "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असं आपण सहज म्हणतो. पण चोर फक्त लॉकरमधून नेतो असं नाही, लॉकरमध्ये काही ठेवूही शकतो. मग ते आपलं नाही हे सिद्ध करत कोण बसणार? हा प्रश्न डाव्या-उजव्यांचा नाही, ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्या प्रत्येकाचा आहे.

म्हणूनच एक कायदेशीर मुद्दा माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात 'हॅश व्हॅल्यू' नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. कधी तुमचा फोन किंवा लॅपटॉप तपासासाठी घेतला गेला, तर पंचनाम्याच्या वेळी हॅश मागा. ही भांडखोरी नाही, ही पावती मागणं आहे.

आता घरचं बघू. साफसफाई कशी करायची आणि ती फसते कुठे?

पहिलं काम, नेट बंद. वायफाय तोडा. भुयार खणणारा आत आहे तोवर त्याच्यासमोर तिजोरीची किल्ली फिरवायची नाही. त्या कॉम्प्युटरवरून बँक, ईमेल काही उघडू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून. आधी ईमेलचा बदला, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या तिथेच येतात. 'सगळीकडून लॉगआउट' हा पर्याय वापरा. बरेच जण नेमका उलटा क्रम करतात. बाधित मशीनवर बसून नवा पासवर्ड टाइप करतात आणि तोही चोराला देतात.

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन आणि बँकेला कळवा. तक्रार करायची असेल तर घाईने फॉरमॅट मारू नका, पुरावा जाईल.

मग झडती. बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसांत काय आलं ते बघा. कोणी "कस्टमर केअर"वाल्याने बसवायला लावलेलं स्क्रीन शेअरिंगचं ॲप असेल तर ते काढा. ब्राउझरची एक्स्टेन्शन तपासा. कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी आणि टास्क शेड्युलर बघा. 'कूलवेबसर्च'चे नातेवाईक आजही तिथेच लपतात.

त्यानंतर विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासतं, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. भारत सरकारच्या सर्ट-इनने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, तिथे साफसफाईची साधनं फुकट मिळतात. दोन-दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नका, ते एकमेकांशीच भांडतात.

एवढं करूनही शंका राहिली तर सरळ नव्याने विंडोज टाका. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढा, प्रोग्रॅमच्या फायली काढू नका.

आणि इथेच पंधरा दिवसांनी परत येणाऱ्या रोगाचं मूळ आहे. दुरुस्तीवाला स्वस्तात क्रॅक विंडोज टाकून देतो. ती चालू करायला जो 'ॲक्टिव्हेटर' लागतो, त्यासाठी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे चोर गेला म्हणून वॉचमनला घरी पाठवलं! दुसरं मूळ तोच जुना पेन ड्राइव्ह. तिसरं म्हणजे ब्राउझरचं सिंक. नव्या विंडोजवर लॉगिन केलं की जुनं खराब एक्स्टेन्शन खात्यातून परत उतरतं. आधी खात्यातून ते काढा, मग सिंक चालू करा.

पुढची काळजी साधीच आहे. रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं खातं ठेवा, मुलांना तर नक्कीच. ईमेल आणि बँकेला ओटीपीसारखी दुसरी कडी लावा. राउटरचा मूळ पासवर्ड बदला. फोटोंची एक प्रत एरवी जोडलेल्या नसलेल्या डिस्कवर ठेवा. अपडेट थांबवू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नावनोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. जुनं मशीन असेल तर नोंदणी करून घ्या आणि तोवर पुढचा विचार करा.

शेवटी एक मागणी. आपल्या नोडमधल्या वाचनालयांत, सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत जे कॉम्प्युटर आहेत, तिथे आपण आधार, पॅन, मार्कशीट उघडतो. प्रत्येक ग्राहकानंतर फायली पुसल्या जाव्यात आणि मशीनवर खरं, अपडेट केलेलं विंडोज असावं, एवढा नियम पालिकेने आणि दुकानदारांनी मिळून करायला काय हरकत आहे? सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरलाही हेच लागू. सगळ्या सभासदांची आणि भाडेकरूंची कागदपत्रं त्यात असतात. येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचं भांडण झालं की पाच मिनिटं हा विषय घ्या. आमच्या सोसायटीच्या सभेसाठी मी तो लेखी दिला आहे.